खालच्या मजल्यावरचा जपानी

२००६ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि श्टुटगार्टला मुलाकडे राहत होतो. तिथं जिना पाळीनं झाडतात. आमच्या पाळीला मुलाची कंबर धरली. मी ठणकावलं, "पाटलाच्या हातात झाडू येणार नाही."

मग खालचा जपानी म्हातारा आमचा जिना झाडू लागला. ताठ पाठीनं, कोपरा न् कोपरा. मुलगा शरमेनं लाल झाला.

"बाबा, ह्यांचे पणजोबा एका मुलखाचे धनी होते. किल्ला, फौज, सगळं."

"मग हे काय? विचार त्यांना."

मुलानं जर्मनमध्ये विचारलं. म्हातारा हसून बोलला.

"ते म्हणतात, सरकारनं मुलूख काढून घेतला, तेव्हा पणजोबांनी किल्ल्याचं अंगण स्वतः झाडलं आणि मगच चाव्या दिल्या."

असला धनी मी आमच्या तालुक्यात पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेटा बांधून मी तिन्ही मजले झाडले.