चादरीवरचा स्फोट

बाबा चादरींची नक्षी चौकटीच्या कागदावर काढायचे. सोलापुरात एकाची नक्षी दुसऱ्याच्या मागावर जायला वेळ लागत नसे, म्हणून त्यांचा घरातल्यांवरही भरवसा नव्हता. एकदा मी त्यांच्याच कागदावर चित्रकथेतला बॉम्बस्फोट उतरवत होते. कडेनं दातेरी, मधे मोठं ‘धडाम’. त्यांनी झडप घातली.

“कुणाला इकणार हाईस हे?”

चित्रकथा दाखवली, तरी पटेना. कागद आणि पुस्तक दोन्ही कपाटात कुलूपबंद झाली. मी नुसती धुमसत राहिले.

दिवाळीला कारखान्यातून नवी चादर घरी आली. किनारीला ओळीनं माझेच स्फोट, फक्त ‘धडाम’ गायब. आई म्हणाली, “कमळं लई झाक जमलीत की!”

बाबांनी माझ्याकडं रोखून पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, “कुणाला बोलली न्हाईस न्हवं?”