आवाज लहान राहू द्या

स्वयंसेवक नावाच्या प्राण्याशी माझं कधीच जमलं नाही. पगारी माणूस चुकला तर त्याला घरी बसवता येतं. स्वयंसेवक चुकला तर वर त्याचेच आभार मानावे लागतात, कारण तो बिचारा आपला वेळ काढून आलेला असतो. असे दोन बिचारे मला अमरावतीच्या एका चर्चमध्ये मिळाले आणि महिनाभर मी त्यांच्यापुढे डोकेफोड केली.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि दुसरी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. अकोल्यात माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, लग्नासभांना लाऊडस्पीकरही मी भाड्यानं देत असे. हे काम मी मुंबईत दोन वर्षं राहून शिकलो होतो, आणि मुंबईत दोन वर्षं राहून आलेला माणूस अकोल्यात जेवढा ताठ चालू शकतो तेवढा मी चालत होतो. त्या चर्चला मायदेशी परत निघालेल्या एका डॉक्टरीणबाईंनी लाऊडस्पीकरचा संच देऊन टाकला होता: एक माइक, लाकडी पेटीत बसवलेलं यंत्र, बॅटरी आणि दोन भोंगे. तो बसवून द्यायचा आणि चर्चच्याच दोन माणसांना चालवायला शिकवायचा, असं काम माझ्याकडे आलं.

कामाला घाई होती. तिथले पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, सत्तरी ओलांडलेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. चर्चच्या आवारातल्या दोन खोल्या आणि रविवारचा उपदेश, एवढंच त्यांचं जग उरलं होतं. त्यांचा आवाज आता शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही, अशी तक्रार मिशनच्या कमिटीकडे गेली होती. कमिटीचे तिघे महिन्याभरानं येऊन शेवटच्या बाकावर बसणार होते. ऐकू आलं तर म्हातारा राहणार, नाही आलं तर त्याला खोल्या सोडून बार्शीटाकळीला पुतण्याच्या दारात जावं लागणार. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं आणि मी म्हणालो, काळजी सोडा, शेवटच्या बाकाचं काय घेऊन बसलात, बाहेरच्या टांगेवाल्यालाही ऐकवतो.

शिकणाऱ्या दोघांपैकी एक मिशनच्या शाळेतले मास्तर होते. ते वही घेऊन आले. माझं प्रत्येक वाक्य त्यांनी वळणदार अक्षरात उतरवून घेतलं आणि तासाभरानं पहिला प्रश्न विचारला, ‘‘भाऊ, माइक तो म्हनाचा का ते?’’ दुसरा दवाखान्यातला कंपाउंडर. त्याला आवाजाचं बटण म्हणजे औषधाची बाटली वाटे. श्वास रोखून केसभर फिरवायचा, थांबायचा, माझ्याकडे बघायचा. जरा मोठा कर म्हटलं की विचारायचा, ‘‘किती थेंब?’’ माइकपुढे काहीतरी बोलून दाखवा म्हटलं तर मास्तरांनी एकोणतीसचा पाढा म्हटला, आणि कंपाउंडरनं जेवणानंतर दिवसातून तीन वेळा घ्यायला सांगितलं. काय घ्यायचं ते त्याचं त्यालाच माहीत.

माइकचं तोंड भोंग्याकडे झालं की यंत्र शिट्टी मारतं, हे मी त्यांना चार वेळा समजावलं. पाचव्या वेळी शिट्टी वाजली तेव्हा दोघं माझ्याकडे असे बघू लागले की जणू मीच वाजवली. शेवटी मी बटणाभोवती खडूनं खूण केली. म्हटलं, आवाज या खुणेवर ठेवायचा आणि गप बसायचं. अक्कल चालवू नका, ते तुमचं काम नाही.

पण खरी गंमत पुढेच होती. पहिल्या रविवारी प्रार्थना सुरू झाली आणि माझ्या दोन्ही पट्टशिष्यांनी हात जोडून, मान खाली घालून डोळे मिटले. यंत्र एकीकडे, हे एकीकडे. भोंगा घुमायला लागला तरी डोळे उघडेनात. मीच धावत जाऊन बटण फिरवलं. उपासना सुटल्यावर मी दोघांना बाहेर कडुलिंबाखाली घेतलं.

‘‘यंत्र चालवणाऱ्यानं डोळे मिटले तर कसं व्हायचं?’’

‘‘पन प्रार्थनेत डोये उघडे कसे ठेवाचे भाऊ?’’ कंपाउंडर म्हणाला. ‘‘मले तं जमतच नाई. लहानपनापासून मार खाल्ला हाय त्याच्यासाठी.’’

हा किस्सा मी दुकानात तिखटमीठ लावून सांगितला. अकोल्यात तो पंधरा दिवस पुरला. डोळे मिटून आवाज चालवणारे अमरावतीचे दोन महात्मे बघायला लोक तिकीट काढून यायला तयार होते.

दर शनिवारी मी बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला जायचो आणि रविवारी उपासनेला थांबायचो. उपदेशाशी मला कर्तव्य नव्हतं. मी शब्द ऐकत नसे, आवाज ऐकत असे. तो फाटतो का, घुमतो का, कुठल्या भिंतीवर आदळतो. उपदेश सुरू झाला की मी बाहेर पडून आवाराच्या कुंपणापर्यंत चक्कर मारायचो. पुढच्या दोन्ही रविवारी एकच प्रकार झाला. पहिली दहाएक मिनिटं आवाज खणखणीत यायचा आणि मग हळूहळू, कुणाच्या लक्षातही येणार नाही असा, बसत जायचा. शेवटी नुसती कुजबुज उरायची, तेवढ्यात मास्तर स्वतःच गीत सुरू करायचे आणि सगळी मंडळी त्यांच्यामागून गायला लागायची.

पहिल्यांदा मी बॅटरी बदलली. दुसऱ्यांदा आत येऊन पाहिलं तर बटण खुणेच्या बरंच खाली.

‘‘हे कोणी फिरवलं?’’

मास्तरांनी वही मिटली. मग कंपाउंडर म्हणाला, ‘‘डोये लागले होते जी. हात पडला असन.’’

‘‘आणि तुम्ही मास्तर? तुमचेही डोळे लागले होते?’’

‘‘हो,’’ मास्तर म्हणाले. ‘‘चुकलंच आमचं.’’

माझा ताबडतोब विश्वास बसला. ज्यांना मी मूर्ख ठरवून टाकलं होतं त्यांनी मूर्खासारखं उत्तर दिल्यावर शंका कशाला घ्यायची? एवढा हलक्या हातानं उतरवलेला आवाज झोपेत कसा उतरेल, हे माझ्यासारख्या मुंबईहून शिकून आलेल्या कारागिराच्या डोक्यात शिरायला हवं होतं. ते शिरलं नाही. मी त्यांना मंडळीदेखत वाटेल ते बोललो. गोठ्यातल्या बैलाला शिकवलं असतं तर तो खुणेवर थांबला असता, असंही बोललो. दोघांनी ते ऐकून घेतलं आणि भोंगे उतरवायला घेतले.

कमिटीचा रविवार उजाडला. तिघे साहेब कोट घालून शेवटच्या बाकावर बसले. पाळकसाहेबांनी पांढरा झगा परीट घडीचा घातला होता आणि व्यासपीठाकडे जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी यंत्रापाशी गेलो तर मास्तर माझ्याआधी स्टुलावर बसलेले.

‘‘उठा,’’ मी म्हणालो. ‘‘आज मी बसतो.’’

‘‘आज आमाले बसू द्या भाऊ,’’ मास्तर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

‘‘तुम्हाला बसवून म्हाताऱ्याला बार्शीटाकळीला धाडू? उठा म्हणतो ना.’’

मास्तर उठले. कंपाउंडर माझ्या कानाशी आला. ‘‘पयले धा मिनटं मोठा ठेवा. मंग आवाज लहान राहू द्या. हात जोडतो तुमाले.’’

‘‘काहून?’’ माझ्याही तोंडातून अकोला बाहेर पडलं. तो मास्तरांकडे बघायला लागला. मी त्याला शेजारच्या बाकावर बसायला सांगितलं.

त्या दिवशीसारखा आवाज मी पुढे कधी काढला नाही. बोलण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा शेवटच्या बाकाला ऐकू जात होता. पाळकसाहेब हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते. मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं सोडून एकाच्या शोधात निघाला. मी यंत्रावरच्या आवाजाच्या काट्यावर नजर ठेवून होतो. मेंढपाळ पुन्हा निघाला. कोणाचा तरी हात बटणाकडे आला, तो मास्तरांचा होता, आणि मी तो फटकन उडवून लावला. मेंढपाळ तिसऱ्यांदा निघाला, त्याच शब्दांत, त्याच उत्साहानं. तेव्हा कुठे मी ऐकायला लागलो.

पाळकसाहेब थांबले. समोरचं पुस्तक त्यांनी उलटंसुलटं केलं. मग मान वळवून, घरात बोलावं तसं ते म्हणाले, ‘‘अवं, ऐकतं का? माहा चष्मा कुठी ठेवला तुनं?’’

दोन्ही भोंग्यांतून ते वाक्य स्वच्छ, एक अक्षर न गाळता, सगळ्या मंडळीवर पडलं. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मास्तरांनी गीत सुरू केलं. त्यांचा आवाज चिरकला, पण मंडळी उभी राहून गायला लागली. माझा हात बटणावर तसाच होता. आता कमी करून काय उपयोग होता?

‘‘सा महिने झाले,’’ कंपाउंडर माझ्याकडे न बघता म्हणाला. ‘‘सुरवातीचे धा मिनटं चांगले जातेत. मंग भरकटतेत. पयले आवाजच जात नव्हता तं कोनाले समजत नव्हतं. तुमचं यंत्र आलं न आमाले धाक पडला. आवाजाची तक्रार होती, तं धा मिनटं आवाज ऐकवाचा न मंग गान्यावर न्याचं, असं आमी ठरोलं होतं.’’

‘‘मला सांगायचं नाही का?’’

‘‘तुमी अकोल्यात आमच्या डोयाचं सांगतलं ते इथपर्यंत आलं,’’ तो म्हणाला. ‘‘मंग हे कसं सांगाचं?’’

मला त्याची थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं. मी त्यांना महिनाभर ऐकायला शिकवत होतो आणि त्या सबंध चर्चमध्ये म्हाताऱ्याचा शब्दन् शब्द ऐकणारे तेवढेच दोघे होते.

कमिटीचा कागद पंधरा दिवसांनी आला. भाषा सभ्य होती. त्यात आवाजाबद्दल तक्रार नव्हती, खोल्या कधी सोडायच्या एवढंच होतं. पण तो पंधरा दिवसांनी. त्या दुपारी कमिटीचे साहेब हात मिळवून टांग्यात बसून गेले आणि पाळकसाहेब झगा सावरत थेट माझ्याकडे आले. मी वायर गुंडाळत होतो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

‘‘पार मांगच्या बाकापर्यंत गेला न आवाज?’’

‘‘गेला,’’ मी म्हणालो. ‘‘सगळा गेला.’’

‘‘मंग आता मले काहून काढतीन ते?’’ ते हसले. मास्तर आणि कंपाउंडर भोंगा उतरवत होते. त्यांना जवळ बोलावून पाळकसाहेबांनी माझी पाठ थोपटली. ‘‘पाह्यलं न? काम असं पायजे. शिका थोडं याच्यापासून.’’

दोघंही मान खाली घालून हो जी म्हणाले.