भाजलेल्या पापडातलं तेल

रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी रिअॅक्टर सांभाळतो. टाकीत एक घालायचं आणि बाहेर भलतंच काढायचं, यावर माझं घर चालतं. तेव्हा पुढे जे घडलं ते निदान माझ्या हातून तरी घडायला नको होतं.

कंपनीच्या तपासणीत माझ्या लिव्हरवर चरबी निघाली. मला त्याचं फारसं वाटलं नाही. आमच्या शिफ्टमध्ये ती नसलेला माणूसच नवखा समजतात. पण पेणच्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणी अंगाने भरलेलं आहे का? मी बायकोकडे पाहिलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईघाईने सातवीतल्या लेकीचं नाव सांगितलं.

तिचीही सोनोग्राफी तशीच आली. रक्तात ट्रायग्लिसराइड जास्त आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी, थेट बापासारखं. खरं म्हणजे तिचा आकडा कागदावर छापलेल्या मर्यादेच्या आत होता, म्हणून मी तिला पास करून टाकलं होतं. बाई म्हणाल्या, ती मर्यादा मोठ्या माणसांची. मुलांची खाली असते. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, वाढलं तर मुंबईच्या मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवावं लागेल. लेकीने तिथेच माझी बाही घट्ट धरली. घरी येईपर्यंत तिचं एकच चाललं होतं, बाबा, मला मुंबईला नाय न्यायचं.

मग मी डोकं लावलं. रक्तात चरबी, म्हणजे पोटात गेलेलं तेल. तेल बंद! बोंबील तव्यावरून उतरले, फोडणी गेली. बायको म्हणाली, बाईंना एकदा विचारा तरी. मी म्हटलं, मला केमिकल शिकवू नको.

पोट मात्र भरायला हवं. तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या. पोह्याचे पापड तळायचे नाहीत, म्हणून विस्तवावर भाजून चळतीच्या चळती संपवल्या. पेणच्या माणसाला पापड सोड म्हणणारा अजून जन्मायचाय. आणि लेक एवढं पथ्य पाळतेय म्हणून दर रविवारी बक्षीस: स्कूटरवरून गडबला जाऊन घुंगरं बांधलेल्या चरकावरचा उसाचा रस, मोठा ग्लास. रसात कुठे तेल असतं? पोरगी बिचारी माझ्यावर विश्वास ठेवून आमटीवरचा तवंगसुद्धा चमच्याने बाजूला सारायची.

तीन महिन्यांनी दोघांचेही आकडे वर. तिचा तर आता छापील मर्यादेच्याही बाहेर. मी सगळं पथ्य अभिमानाने सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, नुसतं तेलच नसतं. जास्तीची साखर आणि जास्तीचा भात, त्याचीच चरबी लिव्हर बनवतं आणि रक्तात सोडतं."

लेक माझ्याकडे वळली.

"बाबा, म्हणजे तुमच्या कंपनीसारखंच?"

मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, आधी कुतूहलच वाटलं. मी बाईंना प्रश्न विचारत सुटलो: कच्चा माल किती झाला की लिव्हर चरबी करायला घेतं? साठा कुठे करतं? आत गेलेला माल परत निघतो का? निघतो, म्हणाल्या, चाललात तर. मुंबईची चिठ्ठी त्यांनी आणखी एका तपासणीपुरती थांबवली.

बोंबील तव्यावर परतले, भाकरी अर्ध्यावर आली, रस बंद. रोज संध्याकाळी आम्ही भोगावती नदीच्या कडेने चालायला लागलो; लेक पुढे, मी धापा टाकत मागे.

पुढच्या रिपोर्टमध्ये तिचं ट्रायग्लिसराइड चांगलं उतरलं. चांगलं कोलेस्टेरॉल जेमतेम हललं होतं. ते सावकाशच चढतं, बाई म्हणाल्या. मुंबई रद्द झाली. लेकीने माझी बाही सोडली आणि माझा कागद ओढून घेतला.

माझा आकडा होता तिथेच होता.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मी म्हटलं, वय झालं, मशीन जुनं.

"रोह्यावरून येताना तुम्ही पंपावर हवा भरतोय म्हणता ना बाबा," लेक म्हणाली, "तेव्हा फोनवर मागे घुंगरं वाजत असतात. हवेच्या मशीनला घुंगरं कुणी बांधली?"

रसवाल्याला मी दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं, माझा ग्लास भरून ठेवू नको.