गोठलेल्या तळ्यावरचे दिघोरे काका

दिघोरे काकांना मी शेवटचं भेटलो ते हॉस्पिटलमध्ये, नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात. नाकात नळी, हाताला सलाईन, आवाज निम्मा झालेला, आणि तरी मी आत शिरल्याबरोबर पहिला प्रश्न, "तळं धरलं का?" म्हणजे पाणी गोठायला लागलं का. मी म्हटलं, काठाकाठानं पापुद्रा आलाय, पण पाय ठेवण्याजोगा नाही अजून. त्यांनी डोळे मिटून घेतले. झोप लागली असं समजून मी उठणार, तोच म्हणाले, "संदीप, प्राचीले तूच सांग बावा. माझ्याच्यानं नाही झालं..." मी हो म्हटलं. चौथ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होतो तेव्हा त्यांच्या मुलीचा, प्राचीचा, फोन आला. "काका, ही इज गॉन," एवढंच ती म्हणाली; मलाही ती काकाच म्हणते. खरं सांगायचं तर त्या क्षणी दुःखाच्या आधी मला भीती वाटली, की ते सांगायचं काम आता खरोखरच माझ्या गळ्यात पडलं.

सांगायचं होतं ते एका वाक्यात मावणारं होतं. प्राचीचे आजोबा शेतकरी नव्हते, मासेमार होते. भंडारा जिल्ह्यातल्या एका तलावाकाठचं धीवर कुटुंब. आजोबा मासे धरत, आजी टोपली डोक्यावर घेऊन बाजारात विकत, आणि त्यावर चार पोरं वाढली. वाचणाऱ्यांना वाटेल, यात लपवण्यासारखं काय आहे? मलाही तसंच वाटलं होतं. पण काकांनी ही गोष्ट पन्नासेक वर्षं दाबून ठेवली होती. मराठी मंडळातल्या मित्रांना माहीत नव्हती, ऑफिसात नव्हती, आणि पोटच्या मुलीलाही नव्हती. प्राचीचा जन्म व्हायच्या आधीच आजी-आजोबा गेलेले. सुट्टीत भारतात गेलं की मुक्काम नागपूरला, आजोळी. गावाकडे तिला कधी नेलंच नाही. काकूंना सगळं ठाऊक होतं, पण त्या सहा वर्षांपूर्वी गेल्या. मग राहिलो मी, जो ना नात्याचा ना गोत्याचा.

माझी आणि काकांची ओळख अवघी चार हिवाळ्यांची. मी नागपूरचा. नोकरीनं आधी एडिसन दाखवलं, मग चँडलर. चँडलरच्या वाळवंटात बारा वर्षं घाम पुसल्यावर आमची टीम मिनेसोटाला हलवली. मुलाचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष होतं, म्हणून तो आणि माझी बायको वैशाली तिकडेच राहिले आणि मी एकटा ऐन डिसेंबरात इथे येऊन पडलो. पावणेपाचला अंधार, आणि शेजारी कोण राहतं ते बर्फ वितळेपर्यंत कळत नाही. अशा एका शनिवारी इंडियन ग्रोसरीच्या फ्रीजरपाशी एक सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ गोठलेल्या रोहूवर बोटानं टकटक करत उभे दिसले. मी बघतोय हे पाहून म्हणाले, "हा मासा नाही, हे मढं आहे. याची तेरवी कधीच होऊन गेली." तेरवी हा शब्द कानावर पडला आणि मी विचारलं, "विदर्भ?" ते म्हणाले, "भंडारा. तू?" "नागपूर." "मंग चाल माझ्यासंगं उद्या. ताजा मासा कसा असते ते दाखवतो." माझं नाव त्यांनी विचारलं ते दुसऱ्या दिवशी गाडीत.

फोनवर वैशालीला सांगितलं तर ती म्हणाली, "रोज पंचशील म्हणणारे तुम्ही, ते जीव न मारण्याचं पहिलं शील कुठे ठेवून जाणार?" मी म्हटलं, "गाडीत." खरं तर मासा मला पानात चालायचा, पाण्यातला कधी बघितलाच नव्हता. दीड तास ड्राइव्ह करून काकांनी गाडी सरळ तळ्यावर घातली. खाली काळं पाणी आणि वर आपण, या विचारानं मी सीटबेल्ट सोडून दाराच्या कडीवर हात ठेवून बसलो होतो. त्यांनी ते बघितलं आणि फक्त रेडिओ बंद केला. तळ्यावर प्लायवूडचं एक खोपट होतं, त्यांनी स्वतः ठोकलेलं. आत दोन उलट्या बादल्या बसायला, एक गॅसचा हीटर आणि जमिनीला दोन भोकं. माणसाच्या छातीइतक्या उंच गिरमिटानं त्यांनी बर्फ कोरला आणि भोकातला चुरा काढायला खिशातून काय काढलं असेल, तर घरचा भजी तळायचा झारा. इथल्या दुकानात त्यासाठी खास चमचा मिळतो, पण काका म्हणायचे, काकूंच्या झाऱ्याला तोड नाही.

वॉलआय हा मासा उजेडाला बुजतो. त्याचा डोळा काचेचा, टॉर्च मारली की मांजराच्या डोळ्यासारखा चमकतो. दिवसभर खोलात पडून राहतो आणि काळोख पडला की उथळावर चरायला येतो, कारण अंधारात त्याला दिसतं आणि लहान मासळीला दिसत नाही. म्हणून आम्ही दिवा मालवून बसायचं, गळाला बोटभर जिवंत मासळी लावून दोरी खाली सोडायची आणि तळापासून हातभर वर थांबवायची. हे सगळं काकांनी कुजबुजत समजावलं. मी मान डोलावली आणि पाचच मिनिटांनी भूक लागली म्हणून सॅकमधून डबा काढला. चार पुडांचा, स्टीलचा. ग्लव्ह्जमधून तो सटकला आणि बर्फावर असा आदळला, की पलीकडच्या खोपटातून कुणीतरी ओरडून विचारलं, सगळे ठीक आहात ना? काकांनी अंधारातच आपली दोरी वर ओढून घेतली. मग म्हणाले, "चला, आता तासभर पाटवडीच खाऊ. मासे तं कॅनडाले गेले." त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातानं परतलो आणि तरीही महिन्याभरात पहिल्यांदा मला शांत झोप लागली.

मग तो शिरस्ताच पडला. पुढच्या वर्षी वैशाली आणि मुलगा आले तरी शनिवार संध्याकाळ तळ्याचीच राहिली. मी सेन्सरमधला इंजिनियर. दुसऱ्या हिवाळ्यात हौसेनं सोनार नावाचा मासेशोधक विकत घेतला. पाण्याखाली मासा आला की पडद्यावर रेघ उमटते. काकांनी तो लावू दिला. त्यांचा स्वतःचा गळ म्हणजे वीतभर काठी आणि तिला गुंडाळलेली दोरी, रीळ नाही, काही नाही. दोरीवर उजव्या हाताची तर्जनी ठेवून ते बसायचे, इतक्या थंडीतही त्या बोटाला ग्लव्ह नसायचा. माझ्या पडद्यावर रेघा नाचायच्या आणि मासे त्यांच्या भोकातून निघायचे. मी एकदा वैतागून विचारलं, "कसं कळतं तुम्हाला?" ते म्हणाले, "मासा आधी फक्त श्वास घेते बे. तो श्वास दोरीत येते." मी हसलो, पण त्या संध्याकाळी सोनार बंद करून ठेवला.

तिसऱ्या हिवाळ्यात मंडळाच्या संक्रांतीच्या पॉटलकला काकांनी वॉलआयचा रस्सा नेला. भांडं दहा मिनिटांत रिकामं. एक जण प्लेट पुसता पुसता म्हणाला, "काय दिघोरे साहेब, एवढे इंजिनियर होऊन शेवटी कोळीच झालात की!" सगळे हसले. काका सगळ्यांत मोठ्यानं हसले. वाईट हेतूनं कुणी बोललं नव्हतं, मीही हसलोच होतो. पण नंतर तळ्यावर, खोपटात दिवा मालवल्यावर काका एकदम म्हणाले, "खरं तेच बोलला तो." आणि मग त्या अंधारात मला सगळं कळलं. संध्याकाळी डोंगा घेऊन जाळं टाकायला जाणारा बाप. शाळेत बाकावर शेजारी बसलं की नाक धरणारी पोरं. कॉलेजच्या हॉस्टेलला पहिल्याच दिवशी रूममेटनं सगळ्यांसमोर म्हटलं, याच्या ट्रंकेला मासळीचा वास येतो. ट्रंक कोरी होती, नवी घेतलेली. त्या दिवसापासून कुणी विचारलं की काकांचं उत्तर ठरलेलं, वडील शेती करतात. पुढे अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात बॉस त्यांना हौसेनं बर्फावर घेऊन गेला. साऱ्या ऑफिसचे मिळून चार मासे, यांचे एकट्याचे सहा. बॉसनं कौतुकानं विचारलं, कुठे शिकलास? काका म्हणाले, "बिगिनर्स लक." "समजलं का तुले?" ते मला म्हणाले. "बाप खाली पाण्यातून बघून राह्यला असं वाटलं मले, आणि मी म्हणतो बिगिनर्स लक..."

मी शहाणपणा केला. म्हटलं, काका, यात लाजायचं काय? सांगून टाका प्राचीला, मोकळे व्हा. ते शांतपणे म्हणाले, "तुह्या घरी मान ताठ ठेवाची शिकवण तुले पाळण्यात भेटली. आमाले कोणी शिकवलं?" मला माझीच गोष्ट आठवली. एडिसनला असताना एका ओळखीच्या घरी जेवायला गेलो होतो. आडनाव झालं, गाव झालं, मग "म्हणजे नक्की कोण तुम्ही?" असं झालं, आणि दर वर्षी दीक्षादिनाच्या सोहळ्याला आजोबांच्या खांद्यावर बसून जाणारा मी "नागपूरचे" एवढंच बोलून वरणाची वाटी पुढे ओढली होती. ते मी काकांना सांगितलं. तोवर वैशालीलाही सांगितलं नव्हतं. काका म्हणाले, "मंग तू बी माझ्याच डोंग्यात." त्यानंतर मात्र कुणी विचारलं तर मी सरळ सांगतो. परवा टीम लंचला सांगितलं, आभाळ कोसळलं नाही. हे काकांचे उपकार, आणि ते मी मनापासून मानतो.

प्राचीला सांगणं त्यांना का जमलं नाही, तेही त्यांनी सांगितलं होतं. ती दहा वर्षांची असताना शाळेत कुटुंबाचं चित्र काढायचं होतं. आजोबा शेतकरी म्हणून तिनं त्यांना लाल ट्रॅक्टरवर बसवलं, डोक्यावर काउबॉयची हॅट. शिक्षिकेनं ते वर्गात लावलं. "आता त्या ट्रॅक्टरवरून बापाले उतरवू कसा?" काका म्हणायचे. दर वर्षी ती ख्रिसमसला यायची, दर वर्षी ते ठरवायचे, आणि दर वर्षी तसंच तिला एअरपोर्टवर सोडून यायचे. शेवटच्या ख्रिसमसला तिला सोडून आल्यावर त्यांनी मला फोन केला, "नाही झालं बे."

जानेवारीत प्राची घर आवरायला हर्नडनहून आली. तिनं इथल्या पेपरात दिलेला मजकूर मला दाखवला. त्यात होतं, इंजिनियर, प्रेमळ पिता, ॲव्हिड फिशरमन. मिनेसोटात निम्म्या पुरुषांच्या मृत्युलेखात हे शेवटचे दोन शब्द असतात, जसं आपल्याकडे मनमिळाऊ स्वभावाचे. वाचून मला गलबलून आलं, कारण बिचारीनं नकळत खरं तेच लिहिलं होतं आणि तिला वाटत होतं की ही हौस आहे. मी म्हटलं, चल, तळ्यावर जाऊ. ती कधीच आली नव्हती. थंडी आणि मासे दोन्ही नकोत म्हणायची. खोपटात बसलो, भोकं पाडली, दिवा मालवला. तिचं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच मला बोलता आलं. डोंगा, जाळं, टोपली, ट्रंक, बिगिनर्स लक, सगळं सांगितलं.

बर्फ कुठेतरी लांबवर कडाडला. मग तिचा आवाज आला, "सो देअर वॉज नो ट्रॅक्टर?" मी म्हटलं, नव्हता. ती हसली, खूप हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. "वॉज ही अशेम्ड ऑफ देम, ऑर ऑफ मी?" मी म्हटलं, "दोन्ही नाही गं. तुला कुणी विचारेल आणि मग तुलाही मान खाली घालावी लागेल, याची धास्ती होती." ती म्हणाली, "आय वुड हॅव टोल्ड एव्हरीबडी, काका. एव्हरीबडी." काका हे ऐकायला हवे होते. वर्षभर आधी, याच बादलीवर बसून... त्याचं वाईट वाटतं, वाटत राहील. पण ते वाक्य निदान कुणीतरी ऐकलं, आणि त्या जागी काकांनी मला बसवलं होतं.

हा लेख मी काल तिला फोनवर वाचून दाखवला. तिला मराठी समजतं, वाचता येत नाही. मग तिनं विचारलं, आजोबांचं नाव काय होतं? चाळीशीला आलेल्या मुलीला ते माहीत नव्हतं. काका सगळीकडे दोनच नावं लिहायचे, मधली जागा कोरी. मी सांगितलं. तिनं ते तीन-चारदा म्हणून बघितलं, 'ख' नीट जमेपर्यंत. म्हणाली, "मग बाबांचं नाव पूर्ण लिहा ना, काका. तिकडे लिहितात तसं."

देवराम सखाराम दिघोरे. वडील सखाराम दिघोरे, मासेमार.