चौकासमोरची ओळ

पुतळी मावशी चालते ती झोपेत असल्यासारखी, आणि गाते तेव्हा तर डोळे मिटूनच. सायवनजवळच्या आमच्या पाड्यावरची ती धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई. आमच्यात भटजी नसतो. भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहायचा, म्हणजे चौकटीतलं चित्र काढायचं, आणि त्याच्यासमोर धवलेरीने गाऊन लग्न लावायचं. हे ऐकून घोलवडच्या चिकूवाडीत माझ्यासोबत कामाला असलेल्या बायका मला म्हणतात, "तुमच्यात बरंय बाई!" मी नुसती हसते. लग्न लावते बाईच, पण गाण्यातून सांगते काय, तर मान खाली घाल, उंबऱ्याच्या आत राहा. गळा आमचा आणि फासही आम्हालाच.

मावशी गाणी शिकली स्वप्नात. तिची मेलेली आजी येते, खळ्यावर बसते आणि ओळ सांगून जाते. हे ती असं सांगते, जणू शेजारीण मीठ मागायला येऊन गेली. स्वप्नात आलेल्या ओळीशी पाड्यात कुणी वाद घालत नाही.

यंदा माझ्या पुतणीचं, हर्षदाचं लग्न ठरलं. पोरगी डहाणूला नर्सिंग शिकते, शेवटचं वर्ष राहिलेलं. तलासरीचा मुलगा, प्रवीण, स्वभावाने गरीब. बोलणी झाली तेव्हा त्याचे वडील काकड्याबाबा "शिकू दे की" म्हणाले होते. हळदीच्या दिवशी मात्र फिरले. "लग्नानंतर कसलं कॉलेज? सून घरात शोभते." हर्षदाचा बाप पाहुण्यांना पाणी द्यायला वळला, प्रवीण जमीन बघत उभा. मला असा संताप आला की हातातली हळदीची वाटी भिरकावून द्यावी. दिली नाही. मुलीकडची ना मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी चौक लिहीत होती. हर्षदा तिच्याजवळ जाऊन बसली.

"मावशी, एवढ्या गाण्यात नवरीच्या मनातलं काय हाय?"

मावशीचा हात थांबला. पिठाचा पांढरा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत गेला, तिने पुसलाही नाही. मग ती पुन्हा लिहू लागली.

लग्नात धवलेरीने ओळ गायची आणि नवऱ्याच्या बापाने तिचे शेवटचे शब्द परत म्हणायचे, अशी आमची रीत. चौकासमोर म्हटलेलं मागे घेता येत नाही. पण पुरुष हे गाणं ऐकतात कुठे! बायकांचं गाणं, ते तोंडाने म्हणतात आणि डोळ्यांनी जेवणाची पंगत शोधतात.

दुपारचं ऊन कुडाच्या फटींतून आत आलं होतं. हळदीचा, ओल्या पिठाचा वास. मावशीचा आवाज डोंगरापलीकडून यावा तसा येत होता. मला गुंगी आली, चौकात काढलेली झाडं हलतायत असं वाटायला लागलं.

"हळदीचा रंग हिला लागू द्या."

"लागू द्या," काकड्याबाबा म्हणाले. त्यांचं लक्ष बाहेरच्या जीपकडे होतं.

"देवीची नजर हिच्यावर राहू द्या."

"राहू द्या."

पुढची ओळ उंबऱ्याची. मला पाठ आहे. मावशीने श्वास घेतला आणि गायली,

"वाट हिची अर्धी राहिली, पुरी करू द्या."

"पुरी करू द्या," काकड्याबाबा म्हणाले, आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मग ते मावशीकडे वळले.

"ही कुठली ओळ? ही गाण्यात नव्हती!"

मावशीने डोळे उघडले नाहीत. "सपनात आली."

काकड्याबाबांनी चौकाकडे पाहिलं, मग माणसांकडे. शब्द तर तोंडातून गेला होता. तेवढ्यात प्रवीणने मान वर केली आणि मोठ्याने म्हटलं, "पुरी करू द्या." त्या क्षणी तो मला जावई म्हणून पसंत पडला.

आता हर्षदा तलासरीहून बसने कॉलेजला जाते. परवा मी मावशीकडे बसले होते. राहवेना, म्हणून विचारलं, "खरं सांग, ती ओळ स्वप्नात आली होती?"

"आली ना. मी पोरगी होते तवा."

"मग इतकी लग्नं लावलीस, कधी गायली नाहीस ती?"

"कुणी पोरीने इचारलंच नाय."

"आणि आजीने सांगितली कधी?"

मावशीने डोळे मिटले. वाटलं, गाणार.

"माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली. "पण नवरीने गायचं नसतं ना."