काकूंच्या दारातली हिरवळ

मोठ्या स्टेशनात गाड्या जास्त आणि किस्से कमी. तिथं सांगायला वेळ कुणाला आहे? आमचं स्टेशन नंदुरबारच्या बाजूचं, एवढंसं. एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत आम्ही एकमेकांच्या गोष्टींवर जगायचो. मी तिथं तारबाबू होतो, लढाई सुरू व्हायच्या आधी. त्या उन्हाळ्यातले किस्से मी हसत हसत सांगायला घेतो, पण हसणं काही शेवटपर्यंत टिकत नाही.

स्टेशनमास्तरांची बायको, म्हणजे आमच्या सगळ्यांच्याच काकू, क्षयानं अंथरुणाला खिळलेल्या. क्वार्टरसमोरची हरळीची हिरवळ त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेली. डॉक्टर म्हणाले, जरा ताकद आली की बाहेर मोकळ्या हवेत बसवा. काकूंचा एकच हट्ट, "बससू ते मन्हा गवतवर. अनवाणी!" आणि इंजिनांना पाणी देणारा नळ नेमका त्याच हिरवळीखालून न्यायचं ठरलं!

* * *

चर खणताना गँगचा मुकादम खिडकीशी येऊन म्हणाला, "बाई, काळजी नको. होती तशी करून देतो!"

नळ टाकून झाला. गँगनं विटांचे तुकडे, दगड, काळ्या मातीची ढेकळं, हाताला येईल ते चरात लोटलं आणि वरून फावडं फिरवलं. काकूंनी खिडकीतून पाहिलं. तोवर त्यांच्या गालांची नुसती हाडं राहिली होती.

"व्हती तशी? मंग एक हात मन्हा तोंडवरबी फिराई द्या, मुकादम!"

मुकादम हसला नाही. मान खाली घालून गेला.

* * *

मग इन्स्पेक्शनला साहेब आला. आदल्याच दिवशी चरावर पाणी सोडलेलं. वरून जमीन कशी छान सपाट! साहेबानं त्यावर बुटाचा पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत आत!

आम्ही धावलो. मास्तर मात्र ओरडले, "साहेब, हलू नका! किती खचलंय ते बघू द्या!" आणि काठी घेऊन मोजायला बसले.

साहेबाची गाडी गेल्यावर ते बाकावर टेकले. "बरं झालं साहेब पडला, तारबाबू. ती पडली असती तर?"

* * *

मास्तरांनी सगळा चर पुन्हा उपसला. दगड-विटा काढल्या. चांगल्या मातीचा पातळ थर, वर पाणी, वर माती ठोकायची जड धुम्मस. पुन्हा थर, पुन्हा धुम्मस. रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला दगडू, मी, हमाल, सगळे ड्यूटी सांभाळून चोपत होतो. पुढं पुढं मास्तर प्लॅटफॉर्मवरची माणसंही पकडून आणायला लागले!

एकदा पांढऱ्याशुभ्र धोतरातले कापसाचे शेठजी सापडले. "मास्टरजी, मैं तो पॅसेंजर हूँ!"

"गाडी आल्यावर, शेठजी. तोवर माणूस आहात. धरा!"

शेठजींनी कासोटा खोचला. काकूंसाठी आहे म्हटल्यावर त्यांनी गाडी दिसेपर्यंत धुम्मस खाली ठेवली नाही.

* * *

मास्तरांनी गावात हरळीच्या मुळ्या मागितल्या. शेतकरी चक्रावले. एक म्हातारे पाटील मुद्दाम स्टेशनात आले. "मास्तर, आम्हनी सारी जिंदगी हरळी उपटामा गई, अन् तुम्ही ती लावाले मांगी ऱ्हायनात?" मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "दुःखमा डोकं फिरनं का यास्नं?"

मी खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी दारात मुळ्यांनी भरलेल्या बैलगाड्या!

"आख्खा गावनी पीडा मन्हा घर उनी!" म्हणत काकू इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली. मास्तरांनी घाईनं खिडकी लावून घेतली. रुमालावरचं रक्त मला दिसलंच.

* * *

ज्येष्ठ सरता सरता काकू गेल्या. हिरवळ दाटली श्रावणात. पण खरा किस्सा त्या जायच्या थोडेच दिवस आधीचा.

चराच्या पलीकडं जुन्या हिरवळीचा एक तुकडा धडधाकट राहिला होता. नव्या लावणीला नुसते कोंब फुटलेले. काकूंना आता दारापर्यंतही येववत नव्हतं. भर दुपारी मी तार घेऊन गेलो, तर मास्तर डोक्यावरच्या टोपीसकट, पुऱ्या गणवेशात उकिडवे बसलेले. त्या धड तुकड्याच्या ऐन मधोमध खुरपं घालून त्यांनी मातीसकट चौकोन काढला, घमेल्यात ठेवला आणि आत नेला.

मी दारातच थांबलो. त्यांनी घमेलं खाटेलगत जमिनीवर ठेवलं, काकूंना पाठीशी उशी देऊन बसवलं आणि त्यांचा एकेक पाय उचलून गवतावर टेकवला.

काकूंनी डोळे मिटून घेतले. अंगठ्यानं माती दाबून पाहिली, तर पाणी वर आलं.

"मास्तर, पानी जास्त व्हई ऱ्हायनं. कमी करा."

"बरं," मास्तर म्हणाले. मग बाहेर आले आणि कोंबांना पाणी घालत असलेल्या दगडूच्या हातातली बादली त्यांनी काढून घेतली.