फर्माईश लिहिणारी शामला

पडदा उघडतो. नागपूरच्या धरमपेठेतलं एक हॉटेल, पहिला मजला, शनिवारची संध्याकाळ. उजव्या कोपऱ्यात वीतभर उंचीचा मंच, त्यावर एक कीबोर्ड, एक माइक आणि बदामी कोट घातलेला सत्तरीचा माणूस. डावीकडे, स्वयंपाकघराच्या दाराजवळ, दोन खुर्च्यांचं टेबल. एका खुर्चीत फिकट निळ्या साडीतली बाई, समोरच्या खुर्चीवर तिची पर्स. प्रकाश तिच्यावर टाका. मंचावरच्या माणसाला उजेडाची सवय आहे, तो थोडा वेळ अंधारात राहिला तरी चालेल.

ही शामला गजभिये, माझी शेजारीण. मंचावर तिचा नवरा, धम्मानंद. एसटीच्या वर्कशॉपात नोकरीला होता तेव्हापासून तो दर शनिवारी इथे जुन्या हिंदी सिनेमातली गाणी म्हणतो. वीस वर्षं झाली. आणि वीस वर्षं शामला त्याच्या स्कूटरवर मागे बसून येते, त्याच टेबलावर हॉटेलकडून मिळणारं जेवण जेवते आणि त्याच्याबरोबर परत जाते. तो गात असतो, त्यामुळे ती एकटीच जेवते.

सुरुवातीला तिला ते फार आवडायचं. अंगणवाडीत पस्तीस वर्षं लेकरांची खिचडी शिजवलेली बाई ती. दुसऱ्याच्या हातचं, तेही बसल्या जागी, ताटात वाढून येतं, याचंच तिला सुख. गाणी तर तिची लहानपणापासूनची. उमरेडकडच्या खेड्यात असताना ती रेडिओला फर्माईशीची पोस्टकार्डं टाकायची. नावं जास्त असली की कार्ड वाचतात असं कोणीतरी सांगितलं, म्हणून तिनं स्वतःचं, भावाचं आणि घरच्या तीन बकऱ्यांचं नाव लिहिलं. "वाचली न पाचही नावं," ती मला सांगायची. "राणी, चंदा आन् लाडी. बाबा रेडिओकडे पाहातच राहिले."

ही सवय तिला पुढे उपयोगी पडली. हॉटेलात फर्माईश सांगायची रीत अशी, की वेटरकडून ऑर्डरचा कागद मागायचा, मागे गाण्याचे बोल आणि खाली नाव लिहायचं. अंकुश नावाचा जुना वेटर तो कागद माइकजवळ नेऊन ठेवतो. पहिली काही वर्षं चिठ्ठ्यांचा ढीग पडायचा. मग गिऱ्हाईक बदललं. लोक जेवताना मोबाइलमध्ये पाहू लागले, गाणं हे पंख्यासारखं झालं, चालू आहे तर चालू आहे. एका शनिवारी एकही चिठ्ठी आली नाही. धम्मानंदनं घरी येऊन कोट खुंटीला अडकवला आणि जेवला नाही. पुढच्या शनिवारी शामलानं अंकुशला बोलावून कागद मागितला आणि लिहिलं, 'वैभवी व परिवार'.

तेव्हापासून दर शनिवारी चार-पाच चिठ्ठ्या. 'नानाजी आणि नातवंडं'. 'गोलू व मित्रमंडळ'. एखादी डाव्या हातानं, एखादी मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात. धम्मानंद माइकवर नावं वाचायचा, टेबलांकडे हात करायचा आणि गायचा. हे मला तिनं गेल्या दिवाळीनंतर सांगितलं, आमच्या ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत.

"मी थकली, गोपिकाबाई," ती म्हणाली. "बावीस पायऱ्या आहेत तिथं. वरतं पोचली का भूकच मरते. तेच पालक पनीर, तेच गाणं, समोर पर्स. एखांद्या शनिवारी वाटते, घरी वरण-भात खाऊन निजून राहावं."

"मग नको जाऊ. काहून जातं?"

"मी नाही गेली तर चिठ्ठ्या कोण टाकन? एकही नाही आली तर ह्यायले समजन न, का कोणीच मागून नाही राहिलं."

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत तीस वर्षं काढली. धानाची कापणी झाली की गावोगाव मंडप उभे राहायचे, आणि टाळी आली नाही तर त्या रात्री झोप कशी येत नाही ते मला कोणी सांगायला नको. मी म्हटलं, "या शनिवारी तू घरी राह्य. मी जाते. चार नावं मलेही सुचतात."

तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवली. "जाल?"

"जेवण फुकटात भेटते तर कोण नाही म्हणते?"

धम्मानंदला सांगितलं, शामलाचा गुडघा दुखतो आहे, टेबल राखून ठेवलेलं आहे, मी येते. त्याला आनंदच झाला. मी रिक्षानं गेले. पायऱ्या मोजल्या, बावीसच होत्या. मंचाजवळ कॉलेजच्या सात-आठ मुली वाढदिवसाला जमल्या होत्या. धम्मानंद आपला संथपणे गात होता, आवाज अजून गोड, पण घरातल्या कपाटातून काढलेल्या शालीसारखा, घडीवर विरलेला. कोणी ऐकत नव्हतं.

मला राहवलं नाही. मी कागद मागितला आणि ते गाणं लिहिलं, ज्यात नायक डोंगरमाथ्यावर उभा राहून निघून गेलेल्या नायिकेला हाका मारतो. शेवटच्या कडव्यात आवाज वर चढतो आणि तिथेच थांबून राहतो. आमच्या मंडपात असा सूर लागला की मागची रांगसुद्धा उठून उभी राहायची. म्हटलं, याला एक खरी टाळी मिळू दे. खाली लिहिलं, 'पायल आणि मैत्रिणी'.

धम्मानंदनं चिठ्ठी उचलली. वाचली. पुन्हा वाचली. चष्मा पुसला. मग त्या मुलींकडे पाहून असा हसला, की वीस वर्षांत मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं. कोटाचं बटण लावलं आणि सुरू केलं. मुलींनी मोबाइल वर धरले.

पहिली दोन कडवी त्यानं निभावली. तिसऱ्यात आवाज वर गेला आणि तिथे फाटला. त्यानं पुन्हा धरायचा प्रयत्न केला, पुन्हा फाटला, मग नुसती हवा. त्यानं उरलेलं कडवं कीबोर्डवर वाजवून संपवलं. मुलींनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मी अर्धी रोटी ताटात तशीच ठेवली.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. क्षमा मागायचीच होती. शामला गॅसवर पाणी तापवत होती, धम्मानंद मफलर गुंडाळून खुर्चीत बसला होता. घसा पार बसलेला, पण बोलायचं थांबेना.

"या ताई. तुम्ही होत्या न काल, सांगा हिले. सांगा त्या पोरींनी काय मागितलं." खिशातून घडी केलेला कागद काढून त्यानं शामलासमोर धरला. "हे पाह्य. हे तुह्यं अक्षर नाही."

शामलाचा हात पातेल्यावरच राहिला. "म्हणजे?"

"अवं, चाळीस वर्षं तुह्या किराण्याच्या याद्या वाचून राहिलो मी. डाव्या हातानं लिहिलं तरी तुह्यंच दिसते. वैभवी काय, गोलू काय. तुले वाईट वाटन म्हणून बोललो नाही."

"कधीपासून?"

"पहिल्या चिठ्ठीपासून." त्यानं कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला. "पण ही खरी आहे. कोणीतरी बाहेरच्यानं मागितलं, शामला. आवाज नाही लागला, जाऊ दे. मागितलं तर खरं. आता तू आराम कर. तुले दर शनिवारी पायऱ्या चढाची गरज नाही."

तो मिठाच्या पाण्याचा पेला घेऊन मोरीकडे गेला. शामला स्टुलावर बसली. तिनं पदरानं तोंड पुसलं, कपाळ पुसलं, मग हात नुसतेच मांडीवर ठेवले. मोरीतून गुळण्यांचा आवाज येत होता.

"कोणतं मागितलं तुम्ही?" तिनं हळूच विचारलं.

मी सांगितलं.

"ते मी चार वर्षांआधीच बंद केलं होतं," ती म्हणाली. "त्याच्या आधी ते टांग्यावालं बंद केलं. मागच्या उन्हाळ्यात नावेतलं. जसा जसा ह्यायचा आवाज उतरला, तसं तसं एकेक कमी करत आणलं. आता सोळा राह्यले."

मला वाटलं होतं ती नुसती नावं लिहिते. मी म्हटलं, "मी सांगते त्याले, माझीच चिठ्ठी होती म्हणून."

तिनं मान हलवली. नाही. उठून, पर्समधून एक कागद घेऊन मला फाटकापर्यंत सोडायला आली, एका हातानं भिंत धरत. आत धम्मानंद बसलेल्या आवाजात काहीतरी गुणगुणत होता. तिनं एकदा मागे पाहिलं, मग माझ्या हातात सोळा गाण्यांची, तिच्या नेहमीच्या सरळ अक्षरात लिहिलेली यादी ठेवली.

"आता तुम्हीच जात जा, गोपिकाबाई," ती म्हणाली. "पण याच्यातलंच मागा."